पुढं या, सलाम घ्या

मित्रांनो, पाठ फिरवून गोष्ट सांगणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण माझा इलाज नाही. मी एक म्हातारा दोंब्रा आहे, मांडीवर घेऊन वाजवायचं तारांचं वाद्य, आणि या घरातल्यांनी मला खुंटीवर तोंड भिंतीकडे करून टांगलंय. खारी धूळ माझ्या पोटात जाऊ नये म्हणून. हेतू चांगलाच आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी फक्त चुन्याचे पापुद्रे बघतोय. बाकीचं सगळं ऐकूनच.

दोन तारा, लांब मान आणि पळीसारखं पोट, एवढाच माझा संसार. पोट तुतीच्या लाकडाचं, दक्षिणेहून उंटाच्या पाठीवरून आलेलं. छाती मात्र इथली, अरल समुद्राच्या काठची. म्हातारा शाकिर मला घडवत होता तेव्हा त्याला पातळ, वाळकी, गाठ नसलेली फळी कुठं मिळेना. आमच्याकडे झाडं कुठली? शेवटी वाळूत पडलेल्या एका मोडक्या होडीची फळी त्याने उचलून आणली, तासली आणि माझ्या छातीवर बसवली. मानेवर सुरांच्या जागा दाखवणारे आतड्याचे पडदे बांधले, बोकडाच्या आतड्याच्याच तारा ओढल्या, आणि पहिल्यांदा छेडून तो म्हणाला, "पाणी प्यालेलं लाकूड आहे. याचा आवाज लांब जाईल." आवाज लांब गेला, मित्रांनो. इतका लांब गेला की मागे घेता आला नाही. तीच माझी गोष्ट आहे.

शाकिरकडून मला ओतेगेनने नेलं. ओतेगेन आमच्या कोळ्यांच्या गावाचा गायक. इतर वेळी जाळी ओढायचा आणि लग्नसराईत गाणी बांधायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणं कसं उभं करायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ऐकायला कुणी नसलं तरी त्याचं अडायचं नाही. मला मांडीवर घ्यायचा आणि बोलत सुटायचा.

"पालुपद म्हणजे खुंटा," तो सांगायचा. "कडवं म्हणजे दोराला बांधलेला उंट. चरू दे त्याला हवं तिथं. दोर संपला की खुंट्याशीच आला पाहिजे."

म्हणून तो आधी पालुपद शोधायचा, कडवी मागाहून. पालुपद असं हवं की तोंडात बाउरसाक, म्हणजे कणकेचा तळलेला गोळा, असला तरी म्हणता यावं. शब्द रोजचे, लहान. शेवटचा स्वर उघडा, म्हणजे म्हाताऱ्यांचाही श्वास पुरतो. चाल खाली सुरू करायची, मधे एकदाच वर न्यायची आणि परत घरी आणायची. पहिलं कडवं साधं, दुसऱ्यात थट्टा, तिसऱ्यात डोळ्यांत पाणी. आणि पालुपद मागितल्याशिवाय द्यायचं नाही. "लोकांना तहान लागू दे," तो म्हणायचा, "मग पाणी दाखव." हे सांगताना तो तळहाताने माझ्या छातीवर थाप मारायचा. त्या थापेनंतर पालुपद आलंच पाहिजे, असं माझ्याही अंगात भिनलं होतं.

पालुपद जमलं की नाही, हे तो बायकोवर तपासायचा. तिचं नाव काम्का. ती कणीक मळत असायची, हा दाराशी बसून नवी ओळ दोन-चारदा म्हणायचा आणि गुपचूप उठून जायचा. दुपारी परत येऊन कान देऊन बसायचा. काम्का नकळत तीच ओळ गुणगुणत असली तर पालुपद लागलं म्हणायचं.

"अहो, पुन्हा माझ्या डोक्यात किडा सोडलात ना?" काम्का ओरडायची. "सकाळपासून तेच तेच तोंडात येतंय. मीठ दोनदा टाकलं मी त्यापायी."

"दोनदा टाकलंस? मग चांगलंच लागलंय," ओतेगेन म्हणायचा.

ते माझे भाग्याचे दिवस होते. लग्न असलं की मला लोकरीच्या पिशवीतून उंटावर न्यायचे. आमच्याकडे नवी सून तोंडावर ओढणी घेऊन अंगणात उभी राहते आणि गायक तिला सासरच्या माणसांची ओळख करून देतो. एका माणसाला एक कडवं. कडवं संपलं की पालुपद, आणि पालुपदावर सुनेनं वाकायचं. ज्याला सलाम केला त्याने उठून पुढं यायचं, सुनेला काही द्यायचं. कोकरू, शाल, निदान चांगला शब्द. या गाण्याला दोन पालुपदं असतात. सुरुवातीला घरातल्या मेलेल्या माणसांसाठी एक, हळू आवाजात: "निजल्या जागेवरून दुवा द्या." मग जित्यांसाठी दुसरं, ते सगळ्या अंगणाने मिळून म्हणायचं. शेवटी गायक माझ्या मानेचं टोक ओढणीखाली घालून ती वर उचलतो. किती सुनांची तोंडं घरच्यांच्या आधी मी पाहिली, मित्रांनो. रडलेली, लाजलेली, एक तर चक्क झोपाळलेली.

नावांचा क्रम चुकला तर गावात वर्षभर रुसवे-फुगवे. मधला काका थोरल्याच्या आधी आला की संपलंच. म्हणून लग्नाआधी ओतेगेन घरी जाऊन चहा पीत बसायचा, कोण कुणाहून मोठं ते विचारायचा, आणि एकेक नाव माझ्या एकेका पडद्यावर बसवायचा. मेलेली माणसं सगळ्यात वर, मानेच्या टोकाशी. मग थोरल्यापासून धाकट्यापर्यंत खाली खाली. गाताना त्याचं बोट खाली सरकलं की नाव आपोआप जिभेवर यायचं.

एका वसंतात दुइसेनच्या घरचं लग्न निघालं, आणि तिथं एक नाव बसेना.

दुइसेन आणि उल्बोसिन हे गावातलं भलं घर. त्यांना दोन मुलगे. थोरला कुआनिश आणि धाकटा तिलेक. कुआनिशला मी ओळखत होतो. तो इतक्या मोठ्याने हसायचा की माझ्या तारा आपोआप थरथरायच्या. काही हिवाळ्यांपूर्वी तो बर्फावर मासेमारीला गेला होता. गोठलेल्या समुद्रात भोकं पाडून जाळी टाकतात, तशी त्यांनी टाकली होती. दुपारी वारा फिरला आणि बर्फ तुटला. बाकीचे उड्या मारून अलीकडे आले. कुआनिश घोडा सोडवायला थांबला. बर्फाचा तो तुकडा, त्यावर तो आणि त्याचा घोडा, असे पाण्यात दूर दूर गेले. त्याने हात हलवला म्हणे. विमान आलं, घिरट्या घालून गेलं. काही सापडलं नाही. पण आमच्या समुद्रावर बर्फाने वाहून नेलेली माणसं पलीकडच्या किनाऱ्याला जिवंत लागल्याचं म्हातारे सांगायचे. आता या सांगण्याचं काय करायचं?

ओतेगेन नावं विचारायला गेला तेव्हा दुइसेनने त्याला आधी बाहेर गोठ्याशी गाठलं.

"थोरल्याला वरच्या पडद्यावर घे," दुइसेन म्हणाला. "मेलेल्यांत. लग्न झालं की त्याच्या नावाचं जेवण घालतो. किती दिवस असं अधांतरी ठेवायचं त्याला?"

"वहिनींना विचारलंस का, दादा?"

"तिला काय विचारायचं? मी बाप आहे त्याचा."

आत गेल्यावर उल्बोसिनने दूध घातलेला चहा वाडग्यात ओतला आणि दार बंद आहे ना ते पाहिलं.

"ओतेगेन, कुआनिशला दिरांच्या जागी घ्यायचं. तिलेकच्या वर. तो थोरला आहे."

"वहिनी..."

"पलीकडे लागला असेल. तिकडे कुणाच्या घरी राहत असेल. तू त्याला मेलेल्यांत घातलंस तर मी तुझ्यासमोरून उठून जाईन, सांगून ठेवते. अंगणभर माणसं असोत नाहीतर नसोत."

ओतेगेन घरी आला, मला मांडीवर घेतलं आणि त्याचं बोट माझ्या मानेवर वरखाली फिरत राहिलं. वरच्या पडद्यावर नेलं की आई मोडते. खालच्या पडद्यावर आणलं की बापाचा शब्द मोडतो. मला सुचत होतं का काही? सुचलं असतं तरी सांगणार कुठल्या तोंडाने? माझ्या हातात काय होतं, मित्रांनो? मला हातच नाहीत.

शेवटी त्याने गाण्याच्या बांधणीतच वाट काढली. कुआनिशचं कडवं म्हणायचं, त्याच्या योग्य जागी, थोरला दीर म्हणून. पण पुढं पालुपद लावायचं नाही. ना मेलेल्यांचं, ना जित्यांचं. कडवं संपलं की तळहात माझ्या तारांवर आडवा ठेवायचा, एक श्वास थांबायचं आणि पुढच्या कडव्यावर जायचं. सलाम नाही, म्हणजे वाकणं नाही, म्हणजे कुणी पुढं यायचा प्रश्नच नाही. मला वाटलं, काय डोकं आहे या माणसाचं.

पण त्या लग्नासाठी त्याने पालुपदही तेवढंच जबरदस्त बांधलं होतं. "आली सून दारी, पुढं या, सलाम घ्या." एवढंच. "पुढं या"वर चाल वर चढायची, "सलाम घ्या"वर घरी यायची. दाराशी एकदाच म्हटलं आणि काम्का दुपारपर्यंत तेच गुणगुणत होती. संध्याकाळी शेजारीण पाणी न्यायला आली, ती तेच गुणगुणत गेली.

"या खेपेला किडा नाही, गोचीड सोडलीत," काम्का म्हणाली.

ओतेगेन खूश झाला. इथंच तो चुकला. ज्या गाण्यात एके ठिकाणी गप्प राहायचं आहे, त्याचं पालुपद इतकं गोड बांधू नये. पण चांगलं बांधायची सवय लागलेल्या माणसाला वाईट बांधता येत नाही.

लग्नाच्या दिवशी सगळं गाव अंगणात होतं. सून आकमाराल ओढणीखाली उभी होती, दोन चुलत जावा तिला दोन्ही बाजूंनी धरून. ओतेगेन सुरेख गायला. मेलेल्यांना दुवा मागून झाली. मग दुइसेनचं कडवं आलं, त्याच्या नाकावरची थट्टा आली, लोक पोट धरून हसले. माझ्या छातीवर थाप, आणि अंगण गर्जलं: "आली सून दारी, पुढं या, सलाम घ्या!" दुइसेन पुढं आला. मग उल्बोसिन, मग काका, मग आत्या. दर खेपेला आवाज वाढत होता. पोरं तर आधीच तोंड उघडून थांबायची.

मग ओतेगेनचं बोट त्या पडद्यावर आलं.

"ज्याच्या हसण्याने घोडी दचकावी," त्याने म्हटलं, "ज्याचं जाळं कधी गुंतू नये, असा दुइसेनचा थोरला, तुझा थोरला दीर, कुआनिश."

आणि त्याने तळहात माझ्यावर ठेवला. मित्रांनो, लोकांच्या अंगात दर कडव्याला ती थाप भिनलेली होती. हात माझ्या छातीवर पडला एवढंच त्यांना कळलं. थांबण्यासाठी पडला की पालुपद मागण्यासाठी, हे कुणी बघितलं? सगळं अंगण एका तोंडाने म्हणालं, "पुढं या, सलाम घ्या."

आकमाराल वाकली.

मग गावाला कळलं आपण काय म्हटलं. हसू ओठांवरच राहिलं. उल्बोसिन अर्धवट उठली होती आणि माणसांच्या डोक्यांवरून रस्त्याकडे बघत होती. ती खरंच बघत होती. इतक्या लोकांनी इतक्या खात्रीने बोलावलंय, तर आला असेल. ओतेगेनचा हात माझ्या तारांवर थिजला होता. मला वाजायचं होतं. काहीही, कुठलाही सूर, म्हणजे ती शांतता तरी मोडली असती. पण वाजवणाऱ्याच्या बोटांशिवाय मी म्हणजे नुसतं लाकूड.

शेवटी दुइसेन उठला. ज्याने थोरल्याला मेलेल्यांत घे म्हणून सांगितलं होतं, तोच टोपी हातात घेऊन सुनेपुढं येऊन उभा राहिला. 

"घेतला," तो म्हणाला. "त्याच्या वतीने घेतला. जा, बेटा."

ओतेगेनने उरलेली कडवी कशीबशी उरकली. माझ्या मानेने त्याने ओढणी उचलली तेव्हा आकमारालचे डोळे वाहत होते. तिला काय झालं ते नीट कळलंही नव्हतं.

लग्न झालं, पण पालुपद काही गेलं नाही. जाळी ओढणारे कोळी "पुढं या"वर दोर खेचायचे. पोरं उलट्या होड्यांवर चढून समुद्राकडे तोंड करून तेच ओरडायची, खेळ म्हणून. आणि उल्बोसिन संध्याकाळी काठावर जाऊन उभी राहायची. ती ओरडायची नाही. सांगितल्यासारखं म्हणायची, "पुढं ये, सलाम घे." लोक आपल्याला बघतायत याचीही तिला पर्वा उरली नव्हती. दुइसेनने त्याच्या नावाचं जेवण घालायचं काढलं तेव्हा तिने चूल पेटवू दिली नाही.

"सगळ्या गावाने त्याला पुढं बोलावलंय," ती म्हणाली. "बोलावलेल्या माणसाच्या नावाचं जेवण घालतं का कुणी?"

दुइसेन ओतेगेनकडे आला. चहा घेतला नाही, दाराशीच उभा राहिला.

"तू बांधलंस, तूच सोड आता," तो म्हणाला. "ती खात नाही, ओतेगेन. तुझ्या त्या ओळीने तिला झोपू दिलेलं नाही."

"दादा, ते माझ्या हातात राहिलं असतं तर..."

"मग कुणाच्या हातात आहे? मी कुणाकडे जाऊ?"

ओतेगेनने सगळं करून पाहिलं. जुनं पालुपद बुजावं म्हणून त्याने त्याहून सरस पालुपद बांधायला घेतलं. होड्यांचं गाणं होतं ते. सगळे नियम पाळले. शब्द लहान, शेवट उघडा, चाल एकदाच वर. दाराशी बसून म्हटलं. दुपारी काम्का ते गुणगुणत होती, आणि आम्ही दोघं जरा सुखावलो. संध्याकाळी ती भांडी घासत होती आणि तिच्या तोंडात पुन्हा तेच: पुढं या, सलाम घ्या. ओतेगेन मला मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. गाणं बांधायच्या त्याला शंभर युक्त्या येत होत्या. सोडायची एकही येत नव्हती.

बऱ्याच दिवसांनी तो दुइसेनच्या घरी गेला, मला बरोबर घेऊन. का गेला कोण जाणे. कदाचित नुसता बसायला.  आकमाराल चहा ओतत होती. तिने सगळ्यांपुढे वाडगे मांडले आणि एक वाडगा फडताळात पालथा ठेवला. ओतेगेनने विचारलं, "तो कुणाचा?"

"तो दूरच्या भावजींचा," ती म्हणाली.

आमच्याकडे सून सासरच्या मोठ्या माणसांची नावं घेत नाही. ती त्यांना स्वतःच नवं नाव ठेवते, आणि ते चांगलं जमलं तर घरही ते उचलतं. नाकावरून, चालीवरून, कशावरूनही नाव ठेवतात. कुआनिशला तर हिने कधी पाहिलंही नव्हतं. तरी नाव ठेवणं तिला भाग होतं.

मी दुइसेनकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. उल्बोसिनने वाडग्याची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, "दूरच्या भावजींना साखर जास्त लागते, लक्षात ठेव." लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरात त्याचं नाव निघालं आणि भांडण झालं नाही.

ओतेगेनचं बोट माझ्या मानेवर सरकलं. घरी येईपर्यंत त्याला ओळ सापडली होती: "दूरचे भावजी, जिथं असाल तिथं, सलाम घ्या." चाल तीच, फक्त "पुढं या"वरची चढण काढून टाकलेली. बोलावणं नाही. नुसता निरोप. सुनेने एका शब्दात जे केलं होतं ते त्याला इतकी वर्षं गाणी बांधून जमलं नव्हतं, असं तो काम्काला म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा उतरला.

कारण ते म्हणायचं कुठं? सुनेची ओळख एकदाच होते. तिलेक धाकटा मुलगा, त्या घरात आता दुसरी सून येणार नव्हती. पालुपद हातात होतं आणि बसवायला गाणं नव्हतं. शेवटी त्याने ते आकमारालला शिकवलं.

"तुझी सून येईल तेव्हा म्हण," तो म्हणाला.

"मला अजून मूलही नाही, काका."

"मग घाई करू नकोस. पण विसरूही नकोस."

मित्रांनो, पुढचं मी लवकर सांगतो, कारण ते सांगताना माझी तार उतरते. समुद्र मागे सरकायला लागला. आधी कुणाला पटलं नाही. मग होड्या बांधायचा धक्का पाण्यापासून सुटला, मग होड्या वाळूत बसल्या. आता गाढवावर बसून जावं लागतं तिथं पूर्वी लाटा होत्या. मासे गेले, मागोमाग माणसं गेली. दुइसेन वारला, त्याच्या थोरल्याच्या नावाचं जेवण न घालताच. ओतेगेनची बोटं आखडली, आणि एका थंडीत तोही गेला. काम्का भाच्याकडे शहरात निघाली तेव्हा मला घेऊन ती या, दुइसेनच्या घरी आली.

"याला इथंच राहू दे," ती आकमारालला म्हणाली. "यांचं एक गाणं या घरात अर्धं राहिलंय." जाताना तिने दाराशी काहीतरी गुणगुणलं. तुम्हाला ठाऊकच आहे काय ते.

मला खुंटीवर लावलं. सुरुवातीला तोंड घराकडे होतं. मग कोरड्या समुद्रावरून मिठाची वादळं यायला लागली, माझं पोट पांढरं झालं, आणि मला भिंतीकडे फिरवलं. एक तार तुटली. दुसरी सैल पडून राहिली. कुणी वाईट वागलं नाही माझ्याशी. फक्त कुणी खाली काढलं नाही.

आणि मग आकमारालच्या मुलाचं, दौलेतचं लग्न ठरलं. शहरातून अकॉर्डियनवाला गायक बोलावला. बिचारा चांगला होता. त्याचं गाणं तयारच असायचं, नुसती नावं बदलायची. नावं तिलेकने सांगितली.

"कुआनिश काकांचं नाव घालायचं का?" दौलेतने विचारलेलं मी ऐकलं.

"राहू दे," तिलेक म्हणाला. "आजीला कशाला त्रास?"

हिवाळा लागला होता, म्हणून समारंभ घरातच होता, माझ्या पाठीमागे. अकॉर्डियन वाजत होतं. आकमारालला सलाम झाला, तिलेकला झाला, आणि गायक ओढणी उचलायला निघाला, तेव्हा उल्बोसिनचा आवाज आला. ती फार म्हातारी झाली होती.

"एक राहिला," ती म्हणाली.

अकॉर्डियन थांबलं. गायक म्हणाला, "कोण, आजी?"

 उल्बोसिनने फाटक्या आवाजात तेच सुरू केलं. "आली सून दारी..." जुन्या माणसांना ते पाठ होतं. मी खुर्च्या कुरकुरलेल्या ऐकल्या. पुढची ओळ प्रत्येकाच्या ओठांवर होती आणि कुणाचं तोंड उघडत नव्हतं. पुन्हा बोलवायचं? पुन्हा कुणी न येता बघायचं? मी भिंतीकडे तोंड करून, एका सैल तारेने, काय करणार होतो?

मुलाच्या लग्नात सासूने गायची आमच्यात रीत नाही. पण आकमाराल गायली. तिचा आवाज साधा होता. तिने तेव्हाही त्याचं नाव घेतलं नाही. "दूरचे भावजी, जिथं असाल तिथं, सलाम घ्या."

तिने ते पुन्हा म्हटलं, तेव्हा एकदोघांनी साथ दिली. तिसऱ्यांदा सगळ्या घराने दिली. चांगलं पालुपद होतं ते. ओतेगेनने बांधलेलं, तोंडात घास असतानाही म्हणता येईल असं. आणि एवढी माणसं एका सुरात म्हणायला लागली तसा माझ्या छातीला, त्या होडीच्या फळीला, कंप सुटला आणि माझी उरलेली तार आपोआप वाजली. अगदी हळू. कुणाला ऐकू गेली नसेल. मला कुणी छेडलं नव्हतं.

मग ओढणीखालून नवी सून कुजबुजली, "पण मी वाकू कुठल्या बाजूला?"

 उल्बोसिन म्हणाली, "दार उघडा."

दार उघडलं. गार वारा आत आला, मिठाचा वास घेऊन.

"तिकडे, बेटा," म्हातारी म्हणाली. "जिथं पाणी होतं."

मी फक्त कपड्यांची सळसळ ऐकली. सून वाकली असावी. मग सगळे त्या दाराकडे बघत राहिले असावेत, कारण कितीतरी वेळ कुणी हललं नाही. तिकडे आता काही नाही हे मला माहीत आहे. मीठ आहे, शिंपले आहेत, कलंडलेल्या होड्या आहेत. उल्बोसिनही तिकडेच बघत असणार. शेवटी ती म्हणाली, "घेतला असेल." आणि म्हणाली, "दार लावा आता, पोरीला गारठा लागेल."

मित्रांनो, तो कुठं आहे ते मला आजही ठाऊक नाही. मी ते सांगू शकलो असतो तर या गोष्टीची गरजच नव्हती. तुम्ही कधी गाणं बांधलंत तर पालुपद जपून बांधा, ते तुमच्याहून जास्त जगतं. एखाद्या माणसाला कुठल्या कडव्यात बसवावं ते कळेनासं झालं, तरी त्याला गाळू नका. आणि तुमच्या घरी खुंटीवर माझ्यासारखं कुणी टांगलेलं असेल तर त्याला कधीतरी खाली काढा, पोटातली धूळ फुंका, एक तार लावा. तेवढंही जमलं नाही तर निदान त्याचं तोंड दाराकडे करा. त्या दिवशी सगळ्या घराने तिकडे पाहिलं आणि मला मात्र चुना दिसला.